रजबमध्ये लावा, रमजानला खुडा

इफ्तारच्या दस्तरखानावर पुदिन्याची चटणी लागतेच आणि नेमकी त्याच महिन्यात बाजारातली जुडी लहान होते, भाव चढतो. पाने खुडून उरलेल्या काड्या आपण कचऱ्यात टाकतो. नवे रोप मात्र त्या काड्यांतूनच येते.

पाच-सहा जाड, हिरव्या काड्या निवडा. पेराच्या जरा खाली कापा, खालची पाने काढा आणि पेल्यात पाणी घेऊन उभ्या ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पेरांतून पांढरी मुळे फुटतात. बियांच्या पाकिटामागे लागू नका. बियांपासून आलेल्या पुदिन्याला तोच वास येईल याची खात्री नसते.

कुंडी फार खोल नको, पसरट हवी, कारण पुदिना मातीलगत धावतो. त्याच कुंडीत कोथिंबीर लावलीत तर काही महिन्यांत तिला जागा उरत नाही. तळाला भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग शेणखत, थोडी वाळू एवढे पुरे.

आम्ही पाहिलेली बहुतेक रोपे तहानेने नव्हे, अति पाण्याने गेली. पुदिन्याला ओल आवडते, साचलेले पाणी नाही. बोट मातीत घालून पाहा. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्या. वुजूचे पाणी बादलीत धरले तर रोजची सोय तिथेच होते, फक्त त्यात साबण नको. खिडकीच्या ग्रिलमध्ये सकाळचे चार-पाच तास ऊन मिळाले की झाले. एप्रिल-मेमध्ये दुपारी सावली करा.

पाने एकेक ओरबाडू नका. काडी पेराच्या वर कापा, तिथून दोन फुटवे येतात. कळी दिसताच शेंडा खुडा. फुलावर आलेल्या पुदिन्याची पाने बारीक होतात, वासही उतरतो. पानाखाली नारिंगी ठिपके म्हणजे तांबेरा. तशी पाने लगेच काढून फेका आणि पाणी पानांवर नव्हे, मातीत घाला.

काडीपासून भरगच्च कुंडी व्हायला साधारण दोन महिने लागतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो; आता तो फेब्रुवारीत, पुढे ऐन थंडीत येईल. थंडीत पुदिना हळू वाढतो. तेव्हा रजबचा चांद दिसला की काड्या पाण्यात ठेवा, शाबानची वाट पाहू नका. ईदच्या बिर्याणीनंतर झुडूप मातीपासून दोन बोटे ठेवून छाटा आणि मूठभर शेणखत घाला.