वाढ थांबत नाही तेव्हा



विशीच्या सुमारास माणसाची वाढ थांबते, अशी आपली समजूत असते. उंचीपुरती ती खरीही आहे. परंतु क्वचित एखाद्याची वाढ प्रौढपणी पुन्हा सुरू होते, आणि तीही इतक्या सावकाश की घरच्यांच्या ध्यानात येत नाही. बोटातली अंगठी निघेना म्हणून सराफ बाजारात जाऊन ती कापून घ्यावी लागते. वहाणांचे माप वाढते, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो. ‘वय झाले’ म्हणून आपण हे सारे सोडून देतो. रोग ओळखू येईपर्यंत कित्येकदा पाच-दहा वर्षे निघून जातात.

पिएर मारी या फ्रेंच वैद्याने १८८६ साली या रोगाला ‘ॲक्रोमेगली’ हे नाव दिले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली म्हणजे वृद्धि-संप्रेरक गरजेहून जास्त पाझरू लागते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. ते संप्रेरक रक्तावाटे यकृतात पोचले की यकृत ‘आयजीएफ-१’ नावाचे दुसरे द्रव्य तयार करते, आणि पेशींना वाढीची आज्ञा मुख्यतः तेच देते. बालपणी असे झाले तर माणूस राक्षसी उंचीचा होतो. १७८३ साली लंडनमध्ये वारलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश ‘राक्षसा’ची कवटी १९०९ साली हार्वी कुशिंग यांनी उघडून पाहिली, तेव्हा या ग्रंथीची खोबण फार मोठी झालेली आढळली.

आता कोणी विचारील, डोक्यातल्या ग्रंथीचा पोटातल्या आतड्याशी काय संबंध? हात वाढलेला दिसतो. आतडे वाढलेले दिसत नाही, एवढाच फरक. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी दर चार-पाच दिवसांनी झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. आपल्या नाशिककरांना द्राक्षबागेचे उदाहरण पटेल. वेलीला खत-पाणी हवे, तशीच एप्रिलची आणि ऑक्टोबरचीही छाटणी हवी. आयजीएफ-१ जास्त झाले म्हणजे खत वाढते आणि छाटणी मागे पडते; ज्या पेशींनी मरावयाचे त्या मरत नाहीत. मग अस्तरावर मांसाचे कोंब उगवतात. त्यांना डॉक्टर ‘पॉलिप’ म्हणतात. त्यांतला एखादा पुढे, बहुधा अनेक वर्षांनी, कर्करोगाचे रूप घेतो.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात काही कुटुंबांत वृद्धि-संप्रेरक असूनही शरीर त्याला दाद देत नाही. ती माणसे फार ठेंगणी राहतात. सुमारे बावीस वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांच्यात कर्करोग जवळजवळ आढळला नाही.

म्हणून घाबरून जावे काय? मुळीच नाही. दहा लाखांत साधारण चाळीस ते सत्तर लोकांना ॲक्रोमेगली असते. त्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका किती वाढतो, याचे आकडे निरनिराळे आहेत; काही पाहण्यांत तो दुपटीच्या आसपास, काहींत त्याहून बराच कमी. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नोंदींनुसार आपल्याकडे या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्य देशांहून मुळातच कमी आहे. थोड्याची दुप्पट ही थोडीच राहते.

परंतु गाफीलही राहू नये. ब्रिटनमधील १३६२ रुग्णांच्या १९९८ सालच्या पाहणीत, उपचारानंतरही ज्यांचे संप्रेरक चढेच राहिले, त्यांच्यात आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. तेव्हा शस्त्रक्रिया, औषधे किंवा किरणोपचार यांनी संप्रेरक ताब्यात आणणे हे पहिले काम. रोग कळताच एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करून घेणे हे दुसरे. या रुग्णांचे आतडे पुष्कळदा लांब असते. म्हणून आधी पोट नीट साफ व्हावे लागते. कोंब दिसला तर तो बहुधा तेव्हाच काढता येतो, आणि उद्याचा कर्करोग आज टळतो.

शौचावाटे रक्त पडले की आपण मूळव्याध म्हणतो आणि लाजेने गप्प बसतो. ही लाज सोडावी. अंगठी घट्ट झाली तर सराफाकडे जरूर जावे. पण वहाणही लहान होऊ लागली असेल, तर तेथून डॉक्टरांकडे जावे.