नेट बंद पडले तरी बिल निघावे

आपल्या बऱ्याच व्यापारी बंधूंनी हिशेब आणि बिलांचे काम संगणकावर नेले आहे. पण गिऱ्हाईक समोर, टेम्पो दारात आणि नेमके इंटरनेट बंद, असे झाले की संगणक असून नसल्यासारखा. हा खोळंबा टाळायचा तर आपला प्रोग्राम चालतो कुठे, हे पैसे मोजण्याआधी विचारून घ्यावे.

दूरच्या सर्व्हरवरून मिळणारे प्रोग्राम मुख्यतः दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेत प्रोग्राम सर्व्हरवरच चालतो, आपल्या पडद्यावर फक्त त्याचे चित्र येते. भाड्याने घेतलेली ‘क्लाउड’वरची टॅली बहुधा अशीच असते. नेट गेले की काम तिथेच थांबते.

दुसऱ्या तऱ्हेत प्रोग्रामचे बांधलेले गाठोडे आपल्या संगणकावर उतरते व इथेच चालते. ते विंडोजमध्ये मिसळत नाही, म्हणून दुसऱ्या प्रोग्रामशी त्याचा सहसा तंटा होत नाही. मायक्रोसॉफ्टचे ‘ॲप-व्ही’ हे याचे उदाहरण. मूळचे हे तंत्र सॉफ्ट्रिसिटी या कंपनीचे. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २००६ साली विकत घेतली. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी हे तंत्र आहे.

येथे एक गोम आहे. हे गाठोडे नेहमी एकदम पुरते उतरत नाही. सुरू होण्यापुरता भाग आधी येतो, बाकीचा लागेल तसा. त्यामुळे नेट नसताना बिल निघेल, पण कधी न उघडलेला ताळेबंद मागितला तर प्रोग्राम अडेल. म्हणून नेट चालू असतानाच सगळे गाठोडे उतरवून घ्यावे. ॲप-व्हीमध्ये तशी सोय आहे. काही प्रोग्राम ठरावीक दिवसांनी सर्व्हरची परवानगी पुन्हा मागतात, तीही मुदत विचारावी.

दुसरी गोष्ट हिशेबाची. प्रोग्राम आपल्याकडे आणि खाती सर्व्हरवर, असे असेल तर दुकान उघडे पण माल गोदामात कुलूपबंद! खात्यांची प्रतही जवळ हवी. ई-वे बिल मात्र सरकारी पोर्टलवरचे, ते नेट असतानाच काढून ठेवावे.

लहान दुकानदाराला एवढ्या खटाटोपाची गरज नाही. आपल्याच संगणकावर बसवलेला साधा प्रोग्राम आणि रोज रात्री पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत त्याला पुरेशी आहे.

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. त्याच्यासमोर नेटची तार काढावी, एक बिल छापावे, एक जुने खाते उघडावे. दोन्ही जमले तरच सौदा पक्का करावा.