ब्रेकची चकती केव्हा कातावी?

मोटारीच्या ब्रेकचे पॅड झिजले म्हणजे ते बदलावे लागतात, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो चकतीविषयी. पॅड ज्या बिडाच्या चकतीस दोन्ही बाजूंनी आवळून चाक थांबवितात, तीही त्याच वेळी लेथवर कातून सपाट करून घ्यावी, असे गॅरेजात पुष्कळदा सुचविले जाते. नवा पॅड जुन्या पृष्ठावर नीट बसत नाही, हे त्यामागील कारण. ते अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरून सरसकट नियम करणे हितावह नव्हे.

ब्रेक लावताच मोटारीच्या गतीची उष्णता बनते. ती प्रथम चकतीच्या धातूत साठते आणि मग हवेत निघून जाते. १२०० किलो वजनाची मोटार बोरघाटात ५०० मीटर खाली उतरली, तर त्या उतरण्यात मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेने ३० अंशांचे सुमारे २० लिटर पाणी उकळीस येईल. इंजिन व वारा यांनी काही भार उचलला, तरी उरलेला ब्रेकवरच पडतो. लेथवर कातलेला प्रत्येक थर म्हणजे ही उष्णता साठविणाऱ्या धातूची घट होय. पातळ चकती लवकर तापते; मग पॅडची पकड ढिली पडण्याचा आणि ब्रेकचे तेल उकळण्याचा धोका वाढतो.

याच कारणास्तव चकतीची किमान जाडी बहुधा तिच्यावरच ठसविलेली असते. समजा, नवी चकती २२ मिलिमीटर जाड होती, किमान मर्यादा २० आहे आणि मायक्रोमीटरने आज २०.४ भरते. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिलिमीटर कातताच ती १९.९ वर येईल. म्हणजे सपाट होईल खरी, पण टाकाऊ ठरेल.

मग कातावी केव्हा? नखास अडतील अशा खोल चऱ्या पडल्या असतील किंवा ब्रेक दाबताच पेडल थरथरत असेल, आणि कातल्यानंतरही जाडी पुरेशी उरणार असेल, तेव्हा. बारीक रेषा किंवा पावसाळी रात्रीत चढलेला हलका गंज यांसाठी लेथची गरज नाही. असा गंज चार वेळा ब्रेक लावताच निघून जातो.

थरथर झाली की चकती वाकली, असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः बहुधा तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचे द्रव्य तिच्यावर कमीअधिक चिकटलेले असते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही पायास जाणवू शकतो. पुष्कळदा दोषाचे मूळ हबवर साचलेल्या गंजात असते. तो न घासता चकती चढविली, तर ती फिरताना किंचित डुलते आणि काही हजार किलोमीटरांत पुन्हा असमान झिजते. अशा वेळी चकती कातून किंवा नवी घेऊनही थरथर परत येते.

तेव्हा क्रम असा असावा: आधी जाडी मोजावी, मग हब घासून डायल गेजने डोल पाहावा, आणि नंतरच लेथचा विचार करावा. कातावयाचेच ठरले, तर एका आसाच्या दोन्ही चकत्या काताव्यात. नवे पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, काही वेळा हळूहळू वेग उतरवावा. त्याने पॅड व चकती एकमेकांशी जुळतात. कातण्याची मजुरी देण्यापूर्वी मालकाने मिस्त्रीला एकच आकडा विचारावा: कातल्यानंतर जाडी किती उरेल?