बदलापूरकरांनो, डॉल्फिन बघायला गोव्यालाच जायला हवं असं नाही!

आपल्या सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबाग आणि निवती-भोगवे इथून सकाळी होड्या सुटतात.

कसं जायचं: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठूनही लोकलने ठाणे गाठा. तिथून कोकणकन्या किंवा तुतारी पकडून कुडाळला उतरा. पुढे तारकर्लीजवळचं मालवण साधारण ३० किलोमीटर.

काय दिसतं: इथले डॉल्फिन म्हणजे हम्पबॅक. पाठीवर उंचवटा, त्यावर छोटा पर. हे खोल समुद्रातले नाहीत, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतात. म्हणून छोट्या होडीतूनही दिसतात. सर्कशीसारख्या उड्यांची अपेक्षा नको. श्वास घ्यायला वर येतात, पाठ दिसते आणि गायब!

गुहा: निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स ही बेटं आहेत. तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत. हा पक्षी लाळेने घरटं चिकटवतो आणि काळोखात टकटक आवाज काढून, प्रतिध्वनीवर वाट शोधतो. गुहा लांबूनच बघा, आत शिरू नका.

लक्षात ठेवा:
🔹 ऑक्टोबर ते मार्च उत्तम, पावसाळ्यात होड्या बंद.
🔹 पहाटे निघा, तेव्हा समुद्र शांत असतो.
🔹 लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका.

डॉल्फिनना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. होडीवाल्या काकांना "अजून जवळ घ्या" म्हणू नका. इंजिन बंद करून थांबलं, की डॉल्फिनच जवळ येण्याची शक्यता जास्त!