इत्बायात : एका द्वीपस्थ नगरपालिकेची भूमी, वाणी आणि वास्तू

फिलिपीन्समध्ये ‘नगरपालिका’ या संज्ञेचा अर्थ आपल्याकडील अर्थाहून व्यापक आहे. मुख्य गाव, भोवतालच्या वस्त्या, शेते आणि डोंगर या सर्वांचा मिळून तो एक प्रशासकीय घटक होय. बातानेस हा त्या देशातील सर्वांत लहान प्रांत. त्यातील सहा नगरपालिकांपैकी सर्वांत उत्तरेकडील इत्बायात हिचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

इत्बायात हे प्रांतातील सर्वांत मोठे बेट असून २०२० च्या जनगणनेनुसार या नगरपालिकेची लोकसंख्या ३,१२८ होती. लुझोनच्या भूमीपेक्षा तैवान येथून जवळ आहे. किनारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुळण येते. येथे मात्र ती नाही. समुद्रातून उभे कडेच वर आलेले आहेत. उतारूने लाटेबरोबर नाव वर उचलली जाताच धक्क्यावर पाय टाकावयाचा असतो. वस्ती आणि शेती या कड्यांच्या माथ्यावर आहे. कंदमुळे व गुरे हा उपजीविकेचा मुख्य आधार होय.

या दुर्गमतेचा ठसा भाषेवरही दिसतो. इत्बायातेन ही वाणी शेजारच्या बातान बेटावरील इवातान भाषेची निकटची भगिनी. तैवानच्या लान्यू बेटावरील यामी भाषाही याच कुळातील. घरास इवातानमध्ये ‘वाहाय’ म्हणतात, तर इत्बायातेनमध्ये ‘वाख़ाय’. यातील ख़ हा ‘ख़बर’ या मूळच्या अरबी शब्दातील घर्षक ध्वनीसारखा उच्चारावा. ‘बालाय’ या पुनर्रचित मूळ रूपातील ‘ल’ एकीकडे ‘ह’ झाला, दुसरीकडे ‘ख़’. ‘ब’चा ‘व’ मात्र दोन्हीकडे झाला. म्हणजे या वाणी काही काळ एकत्र वाढल्या आणि नंतर वेगळ्या झाल्या. यामादा युकिहिरो यांचा इत्बायातेन कोश २००२ साली प्रसिद्ध झाला, ही अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट होय.

ज्या ‘वाख़ाय’चा उल्लेख वर आला, ते पारंपरिक घर जाड दगडी भिंतींचे, चुन्यात बांधलेले आणि गवताने शाकारलेले असे. ही रचना वादळांना पुरून उरली. परंतु २७ जुलै २०१९ रोजी पहाटे ५.४ व सकाळी ५.९ प्रतीचे भूकंप झाले. नऊ माणसे दगावली, अनेक दगडी घरे ढासळली आणि १८८८ सालच्या चर्चचीही मोठी हानी झाली. वाऱ्यापुढे जे भिंतीचे वजन आधार ठरले, तेच भूकंपात घातक झाले.

म्हणून पुनर्बांधणीचा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा राहत नाही. बातानेसमध्ये परस्परांच्या श्रमसाहाय्यास ‘यारू’ म्हणतात. घर शाकारणे हे त्याचे एक प्रमुख निमित्त. माणसांचे प्राण वाचविणारे नवे बांधकाम अवश्य हवे. मात्र घराचे अवयव, साहित्य आणि कृती यांची नावे त्या कामातच पिढीकडून पिढीकडे जातात. जुनी रीत मागे पडण्यापूर्वी जाणत्या गवंड्यांकडून व शाकारणाऱ्यांकडून ती टिपून घेणे, हे भाषाभ्यासकाचे निकडीचे कर्तव्य ठरते.