पाठ केलेली औषधे आणि न ओळखलेले विष

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातून लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली जात होती. दुखणे सर्दी-खोकल्याचे; परंतु मूत्रपिंडे निकामी झालेली. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना पाजलेल्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे.

औषध नियंत्रण खात्याला दोष देऊन हा विषय संपत नाही. नागपुरात औषधनिर्माणशास्त्राचे आणि वैद्यकाचे असंख्य विद्यार्थी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधक्रियाशास्त्र, शिकतात. ते काय शिकतात, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी हा विषय म्हणजे औषधांच्या नावांचे अरण्य. वर्ग, मात्रा, दुष्परिणाम पाठ करावयाचे आणि परीक्षेनंतर विसरावयाचे. दोष त्याचा नाही. प्रश्नपत्रिकाच याद्या मागते. वस्तुतः या शास्त्राचा गाभा एवढाच, की पदार्थ शरीरावर काय करतो आणि शरीर त्या पदार्थाचे काय करते. डायएथिलीन ग्लायकॉल गोडसर, पारदर्शक, ग्लिसरिनसारखे दिसणारे. यकृतात त्यापासून डायग्लायकॉलिक आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातील पेशी मारते. चयापचयाचे प्रकरण असे शिकविले, तर ते कोण विसरेल?

हे विष नवे नव्हे. १९३७ साली अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. तरीही भारतीय फार्मसी परिषदेच्या २०१४ च्या विनियमांवर आधारलेल्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्राच्या शेवटी विषबाधेची जी नावे दिली, त्यांत बार्बिट्युरेट, मॉर्फीन, शिसे, पारा, आर्सेनिक आहेत. हे नाव नाही. औषधांच्या दुष्परिणामांवर पाळत ठेवणारा ‘फार्माकोव्हिजिलन्स’ हा विषय तर आठव्या सत्रात ऐच्छिक ठेवला गेला. दक्षता ऐच्छिक कशी असू शकते?

अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, असे उत्तर मिळेल. ते खरे आहे. परंतु प्रात्यक्षिके आणि अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयांच्या हाती आहे. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एकत्र वॉर्डात जावे, रुग्णाची औषधे तपासावीत आणि २०१० पासून चालू असलेल्या राष्ट्रीय योजनेचा दुष्परिणाम-नोंदीचा अर्ज शिक्षकांच्या देखरेखीखाली एकदा तरी भरावा. त्यावर गुण ठेवावेत.

बाटलीतील विष डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे मान्य. पण एकाच गावची दोन मुले सारख्याच लक्षणांनी आली, तर दोघांनी कोणते औषध घेतले हे विचारण्याची सवय लावता येते. पदवी देताना विद्यापीठाने निदान एवढ्या सवयीची हमी दिली पाहिजे.