शेवटची तबकडी काढावी काय?

वयाची ऐंशी गाठलेल्या कलावंतांनी नवी गाणी रचून ती ध्वनिमुद्रित करावीत, की जुन्या कीर्तीवर समाधान मानून स्वस्थ बसावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. वृद्ध गवई मैफलीला बसला की त्याचा आवाज जेथवर जातो तेथवर आपण ऐकतो आणि उरलेले मनाने भरून घेतो. पाश्चात्त्यांच्या रॉक संगीतात मात्र हा वाद मोठ्या तावातावाने चालतो. त्याचे कारण उघड आहे. हे संगीत जन्मास आले तेच विशीतल्या पोरांचे, वडीलधाऱ्यांना वैताग आणणारे संगीत म्हणून. आणि आता ती पोरेच पणजोबा होऊ लागली आहेत.

उदाहरणादाखल आम्ही लंडनच्या ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडचा विचार करणार आहोत. बँड म्हटल्याबरोबर वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर आणू नये. हा चारपाच जणांचा, स्वतःच गाणी रचून स्वतःच वाजविणारा संच. मिक जॅगर हे गाणारे आणि कीथ रिचर्ड्स हे गिटार वाजविणारे. दोघांचाही जन्म १९४३ चा. १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर या दोघा बालमित्रांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगर यांच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या होत्या. त्यांवरून बोलणे निघाले आणि पुढल्याच वर्षी बँड उभा राहिला. त्याचे नावही मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले. ही मंडळी आपल्याकडेही येऊन गेली आहेत. एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांचा कार्यक्रम झाला होता.

आता या बँडचा हिशेब पाहा. २००५ साली ‘अ बिगर बँग’ हा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम निघाला. त्यानंतरचा तसा अल्बम निघाला २०२३ साली. म्हणजे मध्ये अठरा वर्षे गेली. २०१६ साली एक संग्रह आला खरा, पण ती सारी दुसऱ्यांची जुनी ब्लूज गाणी होती आणि ती अवघ्या तीन दिवसांत मुद्रित केलेली होती. कार्यक्रम मात्र चालूच होते. २००५ ते २००७ या एका दौऱ्याचे उत्पन्न पंचावन्न कोटी डॉलरांच्या वर गेले.

म्हातारपणी नवा अल्बम काढणे हा पैशाचा लोभ, असे जे म्हटले जाते त्यात म्हणूनच अर्थ नाही. पैसा आहे तो दौऱ्यात, आणि दौऱ्यात लोकांना हवे असते ते १९६५ सालचे ‘सॅटिस्फॅक्शन’. नवे गाणे सुरू झाले की श्रोते चहापाण्याला उठतात, अशी या क्षेत्रातली जुनी थट्टा आहे. लोभी माणसाने जुनी गाणी वाजवीत जगभर हिंडावे. नवे रचण्याचा उपद्व्याप त्याने करू नये. नव्या गाण्यात मिळण्यासारखे थोडे आणि हसे होण्याची भीती मोठी.

तर मग नवे काढावेच कशाला? याचे उत्तर आम्हांला त्यांच्या ड्रमवादकात सापडते. चार्ली वॉट्स हे १९६३ पासून या बँडचे ड्रम वाजवीत आले. आपल्याकडे तबलजी बदलला तरी मैफल त्याच गवयाची राहते. रॉक बँडचे तसे नाही. ड्रमवादकाचा हात बदलला की साऱ्या संचाची चाल बदलते. चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मुख्य आघात असतो. इतर वादक या आघाताच्या वेळीही दुसऱ्या हाताने झांजेवरचे ठोके चालू ठेवतात; वॉट्स त्या क्षणी तो हात उचलून घेत. त्यामुळे आघात एकटा, मोकळा पडे, आणि ठेक्याला किंचित ओढ लागे. ज्याने लय ऐकलेली आहे त्याला ही गोष्ट एकदा सांगितली की पुरे, पुढे ती ऐकू येतेच.

वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’ या अल्बमात बारा गाणी आहेत. त्यांपैकी दोनच गाण्यांत त्यांचा हात आहे, तोही आधी मुद्रित करून ठेवला होता म्हणून. त्यांतल्या एकात १९९३ साली बँड सोडून गेलेले बिल वायमन यांनी बास गिटार वाजविली आहे, म्हणजे जुनी जोडी एका गाण्यापुरती का होईना पुन्हा ऐकू येते. बाकीच्या गाण्यांचा ठेका प्रामुख्याने स्टीव्ह जॉर्डन यांनी सांभाळला आहे. ते उत्तम वादक आहेत, यात वाद नाही. पण मधली ती अठरा वर्षे! वॉट्स यांच्या हयातीतली सोळा त्यांत गेली. आमची तक्रार आहे ती याच ठिकाणी. ऐंशीव्या वर्षी अल्बम काढला म्हणून या मंडळींना दोष देण्याचे कारण नाही; पासष्टाव्या आणि सत्तराव्या वर्षी काढला नाही, हा त्यांचा खरा दोष.

उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि ते डावलून चालणार नाही. ‘लेड झेपेलिन’ या बँडचे ड्रमवादक जॉन बॉनम १९८० च्या सप्टेंबरात वारले. उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी डिसेंबरात बँड मोडला. २००७ साली लंडनमध्ये बॉनम यांच्या मुलाला ड्रमवर बसवून त्यांनी एक मोठा कार्यक्रम केला. पण त्या नावाने नवा अल्बम काढला नाही. त्यांनी केले तेही योग्यच, असे आम्ही म्हणतो. त्यांच्या मते तो संच त्या दिवशीच संपला होता. स्टोन्सच्या बाबतीत जॅगर आणि रिचर्ड्स यांची मूळ जोडी अजून होती, एकमेकांशी भांडत का होईना गाणी रचीत होती. तिने गप्प बसावे असे सांगणारे आपण कोण?

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. आजच्या यंत्रांनी आवाजाचा थरकाप पुसता येतो, चुकलेला सूर जागेवर आणता येतो. इतके पुसले की म्हाताऱ्याचा आवाज म्हाताऱ्याचा राहत नाही आणि तरुणाचाही होत नाही. ‘हॅकनी डायमंड्स’ची काही गाणी आम्हांला अशी जरा जास्तच घासूनपुसून ठेवलेली वाटली. शिवाय पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, स्टीव्ही वंडर, लेडी गागा असे पाहुणेही पुष्कळ बोलावले आहेत. घरचे कार्य आणि गावजेवण यांत थोडा फरक ठेवायला हवा होता. परंतु लोकांनी त्याचे स्वागत केले. ब्रिटनमध्ये तो विक्रीत पहिला आला, आणि २०२५ साली त्याला उत्कृष्ट रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

शेवटचे गाणे तेवढे सगळ्यांनी ऐकावे. ते मडी वॉटर्स यांचे आहे, ज्यावरून बँडला नाव मिळाले तेच. त्यात पाहुणे नाहीत, ड्रमही नाही. रिचर्ड्स यांची गिटार आणि जॅगर यांचा आवाज व माउथऑर्गन, एवढेच आहे.